मेडलच्या रकान्यातली आडवी रेघ

नातवानं हौसेनं नागपूरहून मेडलचा अख्खा सेट विकत आणला होता. एकाहत्तरच्या लढाईचा, एका पट्टीवर ओवलेला, रिबिनी कोऱ्या करकरीत. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीपुढं झेंडावंदनाच्या वेळी तो आजोबांच्या कोटावर लावायचा आणि फोटो काढायचा, असा बेत. आबाजींनी चष्मा पुसला, पट्टी हातात घेतली, एकेक मेडल अंगठ्यानं उलटवून पाहिलं आणि सगळं परत डब्यात ठेवलं. "हे माहे नाही," म्हणाले. "बुकात नाही ते माहे नाही." मग जरा वेळानं गालातल्या गालात हसत, "पूर्वी बी अन् पश्चिमी बी? मी का दोन्हीकडं होतो का गा?" दारव्हा तालुक्यातल्या त्या गावात पुढं झेंडावंदन झालं, सरपंचांचं भाषण झालं, पोरांना बुंदी वाटली गेली. आबाजी साध्या पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या रांगेत बसले होते. खटकत राहिलं ते एवढंच, की त्या सेटमधली दोन मेडलं खरंच त्यांची होती. माणूस डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व सीमेवर होता आणि पूर्वी स्टार, म्हणजे पूर्व आघाडीवरच्या सेवेचं मेडल, नको म्हणत होता, कारण बुकात नाही.

बुक म्हणजे डिस्चार्ज बुक, फौज सोडताना मिळतं ते. विदर्भातल्या फौजींच्या घरी ते बहुतेक लोखंडी पेटीत तळाशी असतं. प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर रबर, आत डांबरगोळीचा वास, सोबत जिनिंगच्या जुन्या पावत्या आणि सोसायटीचं पासबुक. पानं उलटली की भरतीची तारीख, ट्रेड, रिझर्व्हवर म्हणजे राखीव यादीत गेल्याची तारीख, चारित्र्य 'अनुकरणीय' की 'फार चांगलं', आणि मेडलचा रकाना. आबाजींच्या बुकात त्या रकान्यात शाईची एक आडवी रेघ होती. कारकुनानं फुटपट्टी लावून, नीट मारलेली. रिझर्व्हवर गेल्याची तारीख जून १९७२.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही तिन्ही मेडलं सुरू झाली १९७३ मध्ये. जून १९७२ ला बुक लिहिणाऱ्या कारकुनापुढं ती मेडलं अस्तित्वातच नव्हती, मग तो रेघ मारणार नाही तर काय करणार. पासष्टच्या लढाईचंही तेच. समर सेवा स्टार ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळातल्या सेवेसाठी, पण सुरू झाला २६ जानेवारी १९६७ ला. मधल्या काळात ज्यांची कलर सर्व्हिस (पलटणीतली प्रत्यक्ष नोकरी) संपली, जे रिझर्व्हवर गेले किंवा घरच्या अडचणीनं नाव कापून आले, ते गावात औत हाकत होते तेव्हा दिल्लीत मेडल जन्माला येत होतं. पलटणीनं आपल्या हजर जवानांची यादी पाठवली. गेलेल्यांची नावं पाठवणं हेही कुणाचं तरी काम होतं, आणि ते काही ठिकाणी झालं, काही ठिकाणी राहिलं. यात कुणी कुणाचा हक्क मारला असं फारसं नसतं. म्हणूनच चूक शोधायला कुणी आपणहून येत नाही.

शेतकऱ्याला हे समजवायचं तर सातबाऱ्यावरून समजतं. जमीन बापाची, वहिवाट पोराची, पण फेरफार पडला नाही तर सातबाऱ्यावर नाव येत नाही. फौजेत शीट रोल हा जवानाचा सातबारा आणि पार्ट टू ऑर्डर हा फेरफार. लग्न, मूल, बढती, बदली, कोर्स, मेडल, जे काही घडतं ते आधी पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं जातं, ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते, आणि तिथं शीट रोलवर नोंद चढते. डिस्चार्ज बुक त्या शीट रोलवरून लिहिलेला उतारा. त्यामुळं 'बुकात मेडल घाला' ही मागणीच उलट्या टोकाची आहे. आधी पार्ट टू ऑर्डर निघाली होती का, निघाली असेल तर शीट रोलवर चढली का, हे पाहायचं. ऑर्डर असून नोंद नसेल तर काम सोपं. ऑर्डरच नसेल तर नवीन काढावी लागते, आणि त्यासाठी हकदारीचा पुरावा लागतो.

नोंद गळण्याच्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्या ओळखू येऊ लागल्या की बुक हातात घेताच अंदाज येतो. जखमी होऊन मिलिटरी हॉस्पिटलात गेलेला जवान बरा झाल्यावर मूळ पलटणीत परत न जाता दुसरीकडं गेला, तर पलटणीच्या मेडलच्या यादीत त्याचं नाव राहून जातं. एका कंपनीत एकाच नावाचे दोघं असले तर एकाचं मेडल दुसऱ्याच्या नंबरवर चढतं. शिपाई असताना मिळवलेलं मेडल जुन्या नंबरवर, पुढं नायब सुभेदार झाल्यावर 'जेसी' अक्षरांनी सुरू होणारा नंबर वेगळा, आणि दोन्हीची सांगड नीट बसलेली नसते. आपल्याकडं आणखी एक नमुना पुष्कळ दिसतो. फौजेतून सुटून डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, भरती झालेले. पुलगावच्या दारूगोळा डेपोवर, भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीवर गार्ड म्हणून या लोकांनी वर्षं काढली. त्यांचा डीएससीचा नंबर नवा, रेकॉर्ड केरळात कन्नूरला. लढाईतली नोकरी मात्र जुन्या रेजिमेंटच्या नंबरवर. घरचे पेन्शनच्या कागदावर आहे म्हणून कन्नूरला पत्र टाकतात, आणि कन्नूरच्या दप्तरात एकाहत्तर सापडत नाही.

सैन्य सेवा मेडलची गंमत अजून वेगळी. ते मेडल एकच, पण त्याच्या रिबिनीवर प्रदेशाच्या नावाची पट्टी बसते: जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय वगैरे. त्याला क्लास्प म्हणतात. मेडल मिळालेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणच्या नोकरीची क्लास्प राहिलेली असते. घरचे लोक 'दुसरं सैन्य सेवा मेडल द्या' असा अर्ज करतात आणि 'आधीच दिलेलं आहे' असं खरंखुरं उत्तर येतं. अर्जात 'अमुक क्लास्पची नोंद राहिली आहे' असं लिहायला हवं होतं, एवढंच.

पण अर्जापर्यंत गोष्ट येतच नाही बहुतेक वेळा.

"मांगून घेतलेलं मेडल कायचं?" हे वाक्य यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, कुठंही म्हाताऱ्या फौजीच्या तोंडून ऐकू येतं, आणि त्याला पटकन उत्तर देता येत नाही. गावाच्या मनात मेडल म्हणजे शौर्याचं बक्षीस. राष्ट्रपती स्वतःहून छातीवर लावतात ते. तसं मेडल मागायला जाणं म्हणजे स्वतःच स्वतःची पाठ थोपटणं, आणि जुन्या माणसाला ते जमत नाही. सेवा मेडल मात्र पराक्रमासाठी नसतंच. अमुक काळात, अमुक हद्दीत, अमुक पलटणीच्या पटावर तुम्ही होतात, एवढंच ते सांगतं. खंदकात बसलेला आणि लंगरात रोट्या भाजणारा, दोघांचा हक्क सारखा. हे सांगितलं की काहींचा चेहरा जरा सैलावतो. काहींचा उतरतो, तेही पाहिलंय, कारण इतकी वर्षं ज्याला मोठं मानलं ते हजेरीचं निघालं. घरातल्या पुढच्या पिढीचा प्रश्न सरळ असतो, "त्याचे पैसे भेटन का?" नाही. सेवा मेडलवर ना पेन्शन वाढते, ना जमीन मिळते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची माफी माजी सैनिकाला मिळते ती माजी सैनिक म्हणून, मेडल असो वा नसो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पैशाच्या आशेनं सुरू झालेला पत्रव्यवहार पहिल्याच उत्तरानंतर थंडावतो.

करायचं ठरलं तर पहिलं पत्र कुणाला, इथंच निम्मे लोक चुकतात. पंतप्रधान, राष्ट्रपती, संरक्षणमंत्री यांना लिहिलेली पत्रं टप्प्याटप्प्यानं खाली येत त्याच एका टेबलावर पोचतात: ज्या रेजिमेंटमधून किंवा कोअरमधून सुटलात तिच्या रेकॉर्ड ऑफिसात. महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं आपल्या कामठीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमईचं सिकंदराबादला, मेडिकलचं लखनौला. पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल हे या कामाचं ठिकाण नव्हे. सेतू केंद्रावरचा पोरगा तिथं कुठंतरी 'मेडल' शोधत बसतो, वेळ आणि पैसे दोन्ही जातात.

आणि पहिलं पत्र अर्जाचं नसावं, माहितीच्या अधिकाराचं असावं. हे मत ठाम आहे. आधी अर्ज केला की 'नोंद नाही' असं एका ओळीचं उत्तर येऊ शकतं, आणि मग त्या ओळीशी भांडत बसावं लागतं. आरटीआयला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, उत्तराची मुदत तीस दिवसांची, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. 'मला मेडल का दिलं नाही' असं विचारायचं नाही, कारण तो कायदा दप्तरात असलेला कागद देतो, कारणमीमांसा करत नाही. मागायच्या त्या प्रती: शीट रोलवरच्या मेडलच्या नोंदीची, मेडलसंबंधी निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरची, आणि लढाईच्या काळात जवान कोणत्या पलटणीच्या पटावर होता त्या नोंदीची. दुसऱ्याची माहिती म्हणून नाकारू नये यासाठी ओळखपत्र जोडायचं. विधवा असेल तर जिच्यात तिचं नाव आहे ती पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत. भाषा हिंदी चालते, आणि हिंदीत लिहिलं तर उत्तर हिंदीत द्यावं लागतं. मराठीत लिहिलेलं पत्र सागरला किंवा लखनौला वाचणारा भेटेलच असं नाही. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आता स्पीड पोस्टच करायचं, पोचपावतीचं ज्यादा शुल्क भरून, आणि ती पावती बुकाच्या पिशवीत ठेवायची.

प्रती हातात आल्या की अर्ज लिहिणं फार अवघड राहत नाही. नंबर त्याच्यामागच्या इंग्रजी अक्षरासकट. जुन्या बुकात ते अक्षर नसतं, पण पेन्शनच्या कागदावर सापडतं. त्या वेळचा हुद्दा, पलटण, कंपनी, महिना, जागा. कमांडिंग ऑफिसरचं नाव आठवत असेल तर तेही, कारण तेवढ्यावरून वर्ष पक्कं होतं. मेडलचं नाव नेमकं लिहायचं. 'एकाहत्तरचं सगळं' असं नाही. आबाजींचंच बघा: पूर्वी स्टार लागू, संग्राम मेडल लागू, कारण त्याची मुदत ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२. पण स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांचं, आणि ते जूनमध्येच घरी आलेले. बाजारच्या सेटमध्ये तेही होतं. अर्जात एक जास्तीचं मेडल मागितलं की बाकीच्यांकडंही संशयानं पाहिलं जातं. आणखी एक शब्द जपून वापरायचा: 'हरवलं'. मेडल कधी मिळालंच नाही आणि अर्जात 'हरवलं' लिहिलं, तर प्रकरण डुप्लिकेट मेडलच्या खात्यात जातं. तिथं प्रतिज्ञापत्र आणि पैसे मागतात, नोंदीचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

पुराव्यात सगळ्यात भारी पुरावा सोबत्याचा. त्याच कंपनीतला, त्याच दिवसांतला कुणी असेल आणि त्याच्या बुकात मेडल चढलेलं असेल, तर त्याच्या संमतीनं त्याच्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख अर्जात घालायची. रेकॉर्ड ऑफिसला पलटण कुठं होती हे मग नव्यानं सिद्ध करावं लागत नाही. असा सोबती गावात नसतो, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्यातालुक्यांत फिरतात, त्यांना माणसं ठाऊक असतात. भिंतीवरचा वर्दीतला फोटो मात्र पुरावा म्हणून चालत नाही, कितीही देखणा असला तरी. खांद्यावरचा बॅज वाचायला त्याचा उपयोग, तेवढाच.

नावाचा आणि पत्त्याचा घोळ तर आपला जन्माचा सोबती. भरतीच्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं. आडनाव गळालं, वडिलांचं नाव आडनाव झालं, 'पांडुरंग'चं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. अशा वेळी लोक आधी राजपत्रात नाव बदलायच्या मागं लागतात. मेडलसाठी त्याची गरज नाही. फौजेच्या कागदावर जे नाव, त्याच नावानं अर्ज करायचा, आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. पत्त्याचं कोडं खास विदर्भाचं. बुकात जिल्हा चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि गाव आज गडचिरोली जिल्ह्यात, जो चंद्रपुरातून १९८२ ला वेगळा झाला. बुकात जिल्हा अकोला, गाव १९९८ पासून वाशीममध्ये. बुकात भंडारा, गाव १९९९ पासून गोंदियात. जवळचं रेल्वे स्टेशन म्हणून दारव्हा मोतीबाग लिहिलेलं असतं आणि शकुंतला रेल्वे बंद पडून कितीतरी वर्षं झाली. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं, फिरतं, 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत जातं. इकडं घरचे म्हणतात, सरकार उत्तरच देत नाही. अर्जात जुना पत्ता 'दप्तरातला' म्हणून आणि नवा पत्ता पिनकोड-मोबाइलसह 'पत्रव्यवहाराचा' म्हणून, असे दोन्ही लिहायचे.

सही हीही एक अडचण. ऐंशीच्या घरातला हात कापतो, बुकातल्या सहीशी आजची सही जुळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यासमोर अंगठा देऊन साक्षांकित करून घेतलेला बरा. झेरॉक्स काढताना बुकाचं प्रत्येक पान काढायचं, कोरी पानंही, कारण मधलं पान नसलं की शंका येते. लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रेमापोटी लॅमिनेट केलेल्या बुकात रेकॉर्ड ऑफिस नवी नोंद लिहिणार कुठं? मूळ बुक मागितलंच तर ते कल्याण कार्यालयामार्फत, पत्राच्या नोंदीसह पाठवावं, एकटं पोस्टात टाकू नये.

आता वाईट बातमी. पेन्शन न मिळालेल्या जवानांची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा फौजेचा नियम आहे. काही वर्षं नोकरी करून बिनपेन्शनचे परत आलेल्यांचा शीट रोल त्यामुळं बहुधा शिल्लक नसतो. उरतं ते लाँग रोल नावाचं रजिस्टर, त्यात नंबर, नाव, भरती आणि डिस्चार्ज अशी त्रोटक माहिती. तेव्हा आरटीआयमध्ये 'शीट रोल नष्ट झाला असल्यास लाँग रोलचा उतारा द्यावा' हे वाक्य आधीच घालून ठेवायचं. अशा घरांत बुक हाच एकमेव कागद आणि तो उंदरांनी खाल्लेला असतो, किंवा घर बांधताना कुठं गेला ते कुणालाच माहीत नसतं. तिथं घरात एखादं जुनं गोल मेडल असेल तर ते आधी बघा. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. भिंगाखाली, कडेवर तिरपा उजेड पाडून वाचायचं. ब्रासो लावून घासू नका, दर दिवाळीला घासून घासून काहींची अक्षरं पार सपाट झाली आहेत. त्या कडेवरच्या नंबरावरून लाँग रोलची ओळ सापडू शकते.

उत्तर आलंच नाही तर स्मरणपत्र, मग केंद्राचं तक्रार पोर्टल, आणि अगदी शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ. शेवटचा रस्ता सुचवताना जीभ अडखळते. वकिलाचा खर्च, मुंबईच्या खेपा, आणि अर्जदार काठी टेकत चालणारा. सेवा मेडलसाठी तिथवर जावं लागू नये असं वाटतं, आणि कागद नीट लावले तर बहुधा जावंही लागत नाही. वेळ मात्र जातो. नोंद झाली तरी मेडल लगेच हातात येत नाही, कारण पुरवठाच वर्षानुवर्षं रखडलेला असायचा. नोकरीतल्या जवानांनीसुद्धा छावणीच्या बाजारातून विकत घेऊन परेडला लावली आहेत. त्या अर्थी नातवानं काही जगावेगळं केलं नव्हतं. त्यामुळं मेडलच्या आधी पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्यावी. हक्क तिथंच पुरा होतो.

जवान गेल्यावरही नोंद दुरुस्त होते आणि मेडल दप्तरातल्या वारसाला मिळतं, आधी पत्नीला. तीही नसेल तर भावाभावांत 'बाबाचं मेडल कोणाच्या घरी' हा वाद उभा राहतो, कधी कधी दोघांचे वेगवेगळे अर्ज जातात आणि रेकॉर्ड ऑफिस दोन्ही बाजूला ठेवतं. एकानं अर्ज करावा, बाकीच्यांनी नाहरकत लिहून द्यावी, आणि मेडल कुठं राहील ते घरात ठरवावं. पाकीट आलं की पूजेला लावायच्या आधी त्याच्यावरचा नंबर बुकाशी ताडून पाहा. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं असेल तर ठेवून घ्या, दुरुस्तीला पाठवलेलं पुन्हा रांगेत मागं लागतं. नंबर चुकला असेल तर मात्र त्याच आठवड्यात फोटोसह कळवा. तो नंबर दुसऱ्या कुणा जवानाचा असणार, आणि त्याच्या शीट रोलवर हे मेडल 'दिलं' म्हणून चढलेलं असणार.